मॉन्ट्रियलने स्लाफकोव्स्कीलाच का घेतलं? हॉकी ड्राफ्टचा वाद, सोप्या भाषेत

आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसा शिल्लक असतो तो बोली वाढवतो आणि खेळाडू घेऊन जातो. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत नवे खेळाडू असे विकत घेता येत नाहीत. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ड्राफ्ट असतो. हंगाम संपला की ३२ संघ पाळीपाळीने एकेका मुलाचं नाव जाहीर करतात. सात फेऱ्या होतात, सव्वादोनशेच्या आसपास नावं घेतली जातात आणि त्यातली बहुतेक मुलं जेमतेम अठरा वर्षांची असतात. ज्या संघाने नाव घेतलं, त्या मुलाशी करार करायचा हक्क फक्त त्या संघाला. मुलाला पसंती कोणी विचारत नाही.

पाळीचा क्रम उलटा असतो. हंगामात जो सर्वांत खाली, तो आधी निवडतो. दुबळ्या संघाला सावरायला वाव मिळावा, सगळे चांगले खेळाडू चार श्रीमंत शहरांत गोळा होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. पण मग मुद्दाम हरून तळ गाठण्याचा मोह होतो. म्हणून १९९५ पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. तळाच्या संघाची शक्यता सर्वांत जास्त, पण खात्री नाही. २०२२ च्या सोडतीत तळाच्या संघाला पहिली चिठ्ठी लागण्याची शक्यता १८.५ टक्के होती.

नियम एवढे साधे आहेत. अवघड आहे ते पुढचं: पाळी आली, आता नाव कोणाचं घ्यायचं? दरवर्षी मे-जूनमध्ये हॉकीच्या प्रत्येक शहरात यावरून कडाक्याचे वाद होतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती आवडीनिवडीची भांडणं वाटतात. नीट ऐकलं तर कळतं, की लोक एकाच वेळी तीन वेगळ्या प्रश्नांवर बोलत असतात. आज सर्वांत चांगला कोण खेळतो? पंचविशीत सर्वांत चांगला कोण खेळेल? आणि आपल्या संघात कोणाची उणीव आहे? तिन्हींची उत्तरं एकाच मुलापाशी येऊन थांबली तर वाद होत नाही. २०२३ मध्ये कॉनर बेडार्डबद्दल कुणी भांडलं नाही. शिकागोने त्याला पहिला घेतला आणि सगळे घरी गेले. २०२२ मध्ये मात्र ही तीन उत्तरं तीन दिशांना गेली. म्हणून हा वाद समजून घ्यायला तेच वर्ष सर्वांत चांगलं.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा लीगमधला सर्वांत जुना संघ आणि २४ स्टॅनली कप (लीगच्या विजेतेपदाचा करंडक) जिंकलेला, म्हणजे सर्वांत यशस्वीही. शेवटचा कप १९९३ चा. २०२१ मध्ये हा संघ अंतिम फेरीत पोचला, टॅम्पा बेकडून हरला आणि पुढच्याच हंगामात ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकून सरळ तळाला गेला. जानेवारी २०२२ मध्ये केंट ह्यूज नवे जनरल मॅनेजर झाले, फेब्रुवारीत मार्टिन सँ लुई प्रशिक्षक. मे महिन्यात सोडत निघाली आणि पहिला क्रमांक त्यांनाच लागला. योगायोग असा, की त्या वर्षीचा ड्राफ्टही मॉन्ट्रियलमध्येच, त्यांच्या स्वतःच्या बेल सेंटरमध्ये होता. नाव घरच्या प्रेक्षकांसमोर घ्यायचं होतं.

नावं मुख्यतः तीन.

शेन राइट, कॅनडातल्या ओंटारिओचा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक. पंधराव्या वर्षीच त्याला ‘असाधारण खेळाडू’ म्हणून ओंटारिओ हॉकी लीगमध्ये खेळायची खास परवानगी मिळाली होती. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या या लीगमध्ये किंगस्टनकडून पहिल्याच हंगामात त्याने ५८ सामन्यांत ३९ गोल केले. दुसरा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. तिसऱ्यात ६३ सामन्यांत ९४ गुण. (बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्या गोलसाठी पास देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक.) जवळजवळ तीन वर्षं सगळे धरून चालले होते की २०२२ चा पहिला क्रमांक राइटचा.

युराय स्लाफकोव्स्की, स्लोव्हाकियाच्या कोशित्से शहरातला विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक. सव्वासहा फुटांच्या वर उंच, अंगाने भरलेला आणि तरी पायांनी चपळ. तो मुलांच्या लीगमध्ये नव्हता. फिनलंडमध्ये टीपीएस संघाकडून प्रौढांबरोबर खेळत होता. तिथे ३१ सामन्यांत गोल फक्त ५. पण फेब्रुवारी २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, सतराव्या वर्षी, ७ सामन्यांत ७ गोल. स्लोव्हाकियाला कांस्य मिळालं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच ठरला.

लोगन कूली, पिट्सबर्गचा सेंटर, अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमात घडलेला. अंगकाठी लहान, पाच फूट दहा इंच, पण हात आणि पाय तिघांत बहुधा सर्वांत वेगवान.

आता वाद काय होता ते पाहू.

राइटच्या बाजूने बोलणारे त्याचा पाया दाखवत. इतकी वर्षं, इतक्या सामन्यांत, इतक्या डोळ्यांसमोर हा मुलगा चांगला खेळलाय. तो अगदी फसला तरी दुसऱ्या फळीचा (आक्रमकांचं त्रिकूट म्हणजे फळी; पहिली सर्वांत भारी) भरवशाचा सेंटर होईलच. स्लाफकोव्स्कीच्या बाजूचे त्याची झेप दाखवत. एवढ्या मोठ्या शरीराचा, एवढे मऊ हात असलेला मुलगा दहा वर्षांत एखादाच येतो. तो जमला तर कुठल्या कुठे जाईल. जाणकारांच्या भाषेत हा ‘किमान’ आणि ‘कमाल’ यांच्यातला झगडा. एकाचा किमान अंदाज वर होता, दुसऱ्याचा कमाल.

मला वाटतं, इथेच बहुतेक लोक घसरतात. पहिल्या क्रमांकावर किमान अंदाजाला फार किंमत नसते. दुसऱ्या फळीचा भरवशाचा खेळाडू संघाला इतर मार्गांनीही मिळतो. जुना खेळाडू करार संपल्यावर मोकळा होतो, अदलाबदलीत कोणी येतो. पहिल्या फळीतला, सामना फिरवणारा खेळाडू मात्र बाजारात जवळजवळ येतच नाही, कारण ज्याच्याकडे तो असतो तो त्याला सोडत नाही. शिवाय लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२२-२३ साठी ती ८.२५ कोटी डॉलर होती. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचा पहिला करार नियमानेच स्वस्त असतो. म्हणजे ड्राफ्टच्या अगदी वरच्या जागा ही मोठा खेळाडू कमी पैशांत मिळण्याची जवळपास एकमेव वाट. ती वाट सुरक्षित निवडीवर खर्च करणं मला पटत नाही.

पण कमाल अंदाज मोजायचा कसा? इथे वाद खरा अवघड होतो, कारण तिन्ही मुलं तीन वेगळ्या लीगमध्ये खेळत होती. किशोरांच्या लीगमधले ९४ गुण आणि फिनलंडच्या प्रौढांच्या लीगमधले १० गुण यांची तुलना कशी करणार? विश्लेषकांनी यासाठी एक पद्धत बसवली आहे. एखाद्या लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या जुन्या खेळाडूंचे गुण गेल्यावर किती उरले, ते पाहायचं. समजा एका लीगमधून येणाऱ्यांचे गुण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतात आणि दुसरीतून येणाऱ्यांचे निम्म्यावर. मग प्रत्येक मुलाचे आजचे गुण त्या प्रमाणात कापायचे आणि सगळ्यांना एका मापाने मोजायचं. पद्धत उपयोगी आहे, आणि नुसत्या आकड्यांवरून भांडण्यापेक्षा शंभर पटीने बरी. तरी तिच्यात एक भोक राहतं. प्रौढांच्या संघात सतरा वर्षांच्या पोराला बर्फावर वेळ कमी मिळतो, अव्वल साथीदार मिळत नाहीत, समोरचा एखादा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या संधी मिळत नाहीत. त्याच्या पाच गोलांमागे किती मिनिटं आणि कोणाची साथ, हे त्या कापाकापीत नीट येत नाही.

उलट बाजूने, ऑलिंपिकचे सात गोल. सात सामने म्हणजे फार थोडे. त्या ऑलिंपिकला एनएचएलचे खेळाडू आले नव्हते. कुणाचाही हात एखाद्या आठवड्यात चालतो. केवळ या सात गोलांवर स्लाफकोव्स्कीला पहिला ठरवणं चुकीचं झालं असतं. पण पाठोपाठ मे महिन्यात जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, एनएचएलमधले खेळाडू समोर असताना, त्याने ८ सामन्यांत ९ गुण केले, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यांचं मत पक्कं झालं. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, ज्याला महत्त्व देतात ते हेच: समोरची पातळी वर गेली की मुलगा आक्रसतो की फुलतो? फिनलंडच्या रोजच्या सामन्यांपेक्षा तो देशाच्या जर्सीत उठून दिसत होता. याचा अर्थ चांगलाही लागतो, वाईटही. मोठ्या रंगमंचावर खुलणारा, असं म्हणा. किंवा रोजच्या कामात सातत्य नाही, असं म्हणा. दोन्ही बोललं गेलं.

राइटबद्दल उलटी शंका होती. पंधराव्या वर्षी तो बरोबरीच्या मुलांच्या फार पुढे होता. सतराव्या-अठराव्या वर्षी ते अंतर कमी झालं होतं. तो थांबला होता, की बाकीचे पोचले होते? की मधलं आख्खं वर्ष कोविडने खाल्लं त्याचा हा परिणाम? लवकर वयात येणारी मुलं लहानपणी मोठ्या शरीराच्या जोरावर चमकतात आणि नंतर गर्दीत मिसळतात, हे किशोरांच्या सगळ्याच खेळांत दिसतं. ‘असाधारण’ म्हणून ओंटारिओत आलेल्यांत कॉनर मॅकडेव्हिडही होता आणि शॉन डे नावाचा डिफेन्समनही (बचावपटू); मॅकडेव्हिड पहिला गेला, डे २०१६ मध्ये ८१ वा. पंधराव्या वर्षीचा शिक्का अठराव्या वर्षी फार पुरत नाही.

वयाचा आणखी एक बारकावा आहे. ड्राफ्टची वयोमर्यादा १५ सप्टेंबरला तुटते. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवस उशिरा जन्मला म्हणून तो २०१५ ऐवजी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये आला आणि टोरांटोने त्याला पहिला घेतला. म्हणजे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं, आणि अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खूप. पोराचे खांदे भरतात, पाय मजबूत होतात, समोरच्याची चाल ओळखायला येते. २०२२ च्या तिघांत मात्र हे कारण लागू नव्हतं. राइट जानेवारीचा, स्लाफकोव्स्की मार्चचा, कूली मेचा.

राहिला तिसरा प्रश्न: आपल्याला कोण हवा? मॉन्ट्रियलला सेंटर हवा होता. हे दुखणं तिथे जुनं आहे. सेंटर म्हणजे तीन आक्रमकांतला मधला. चेंडूच्या जागी असलेली चपटी रबरी चकती, पक, खाली टाकून खेळ सुरू होतो तेव्हा पहिली झटापट तो करतो. दोन्ही बाजूंना पास देतो, आणि संघ बचावात असेल तर आपल्या गोलपाशी येऊन डिफेन्समनना मदतही करतो. विंगरपेक्षा त्याच्यावर जबाबदारी जास्त, म्हणून किंमतही जास्त. राइट सेंटर, कूली सेंटर, स्लाफकोव्स्की विंगर. मग मॉन्ट्रियलमधल्या कितीतरी जणांना हिशेब सोपा वाटला: सेंटर घ्या.

ह्याच हिशेबाने या संघाला दोनदा भाजलं आहे.

१९८० मध्ये मॉन्ट्रियलकडे असाच पहिला क्रमांक होता, आणि तोही ड्राफ्ट मॉन्ट्रियलमध्येच, जुन्या फोरममध्ये झाला. संघाचा सेंटर जाक लमेर वर्षभरापूर्वी निघून गेला होता आणि संघाला मोठ्या अंगाचा सेंटर हवा होता. रेजायना या किशोरांच्या संघाकडून ७१ सामन्यांत ८९ गोल केलेला डग विकेनहायझर त्यांनी घेतला. मॉन्ट्रियलमध्येच वाढलेला, अंगाने लहान पण अफाट कौशल्याचा डेनी साव्हार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. साव्हारने कारकिर्दीत १३३८ गुण केले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. विकेनहायझरचे एकूण गुण २७६. विकेनहायझर वाईट खेळाडू होता असं मी म्हणणार नाही. साव्हारशी होणाऱ्या तुलनेचं ओझं घेऊन त्याला त्या शहरात खेळावं लागलं, आणि ते ओझं त्याने मागून घेतलं नव्हतं. फोरममधल्या त्या दिवशी तो एकोणीस वर्षांचा होता.

दुसरं उदाहरण ताजं. २०१८ मध्ये तिसरा क्रमांक हाती असताना मॉन्ट्रियलने येस्पेरी कोत्कानिएमी हा फिनिश सेंटर घेतला. संघाची उणीव हे एकच कारण असेल असं नाही, पण उणीव सगळ्यांना दिसत होती आणि निवड तिच्याशी जुळणारी होती. लगेच चौथ्या क्रमांकावर ओटावाने ब्रेडी काचक घेतला, सातव्यावर व्हँकूव्हरने क्विन ह्यूज. काचक पुढे ओटावाचा कर्णधार झाला आणि ह्यूजने २०२४ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्समनचा नॉरिस करंडक घेतला. कोत्कानिएमीला अठराव्या वर्षीच थेट एनएचएलमध्ये उतरवलं गेलं, मग खालीवर होत तो अडकला, आणि २०२१ मध्ये कॅरोलायनाने वर्षाला ६१ लाख डॉलरचा देकार दिला तेव्हा मॉन्ट्रियलने त्याला जाऊ दिलं. तीन हंगामांत तो सेंटरही गेला आणि उणीवही तशीच राहिली.

यातली चूक समजायला हॉकी कळायचीही गरज नाही. आजची उणीव ही आजच्या संघाची असते. आज घेतलेला मुलगा खऱ्या अर्थाने तयार होईल तो चार-पाच वर्षांनी, आणि तोवर संघ, प्रशिक्षक, कधी कधी मालकसुद्धा बदललेला असतो. म्हणून वरच्या क्रमांकांवर ‘हाताशी असलेला सर्वोत्तम खेळाडू’ घ्यायचा आणि उणीव अदलाबदलीने भरून काढायची, असं अनुभवी माणसं सांगतात. मला हे शंभर टक्के पटतं. दोन मुलं अगदी तोडीस तोड असतील तेव्हाच जागेचा विचार करावा.

७ जुलै २०२२ च्या संध्याकाळी केंट ह्यूजनी हेच केलं. स्लाफकोव्स्कीचं नाव घेतलं गेलं. राइटची आशा धरून आलेल्या बेल सेंटरमध्ये आधी कुजबुज, मग टाळ्या. त्याच संध्याकाळी त्यांनी डिफेन्समन अलेक्झांडर रोमानोव्ह आणि चौथ्या फेरीतली एक निवड न्यूयॉर्क आयलँडर्सना देऊन १३ वा क्रमांक मिळवला, आणि तो पुढे आणखी एका निवडीसह शिकागोला देऊन कर्बी डॉक हा सेंटर आणला. डॉक २०१९ चा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, तेव्हा एकवीस वर्षांचा. सेंटरची उणीव होती, ती अदलाबदलीने भरली. पहिल्या क्रमांकाला हात लावला नाही. डॉकचा गुडघा पुढे दोनदा दगा देईल हे त्या दिवशी कुणाला कळणार होतं? विचार बरोबर होता.

उरलेल्या संघांनीही त्या संध्याकाळी चक्रावून टाकलं. न्यू जर्सीकडे निको हिशियर आणि जॅक ह्यूज हे दोन तरुण सेंटर आधीच होते, म्हणून त्यांनी शिमोन नेमेत्स हा स्लोव्हाक डिफेन्समन घेतला. त्याआधी एकही स्लोव्हाक खेळाडू पहिला गेला नव्हता आणि त्या संध्याकाळी पहिले दोन्ही स्लोव्हाक. पंचावन्न लाखांच्या त्या देशाला काय वाटलं असेल! ॲरिझोनाने कूली घेतला. तीन वर्षं पहिला धरलेला राइट चौथ्या क्रमांकावर सिॲटलला गेला. मंचावर जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे रोखून पाहिलं अशी चर्चा झाली; त्याने ते नाकारलं. डिसेंबरमध्ये त्याने एनएचएलमधला पहिला गोल केला तो मात्र मॉन्ट्रियलविरुद्धच.

मग बरोबर कोण ठरलं?

स्लाफकोव्स्कीला मॉन्ट्रियलने लगेच मोठ्या संघात ठेवलं. पहिल्या हंगामात ३९ सामने, १० गुण, आणि जानेवारीत गुडघ्याची दुखापत. शहरात पुन्हा १९८० ची आठवण निघू लागली. दुसऱ्या हंगामात त्याला कर्णधार निक सुझुकी आणि कोल कॉफिल्डच्या फळीत टाकलं आणि तो उमलला: ८२ सामन्यांत ५० गुण. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्याशी आठ वर्षांचा, ६.०८ कोटी डॉलरचा करार झाला. २०२४-२५ मध्ये ५१ गुण. कूली एक वर्ष मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळला, मग ॲरिझोनात आला. तो संघ उठून युटाला गेला, आणि २०२४-२५ मध्ये तिथे त्याने ७५ सामन्यांत ६५ गुण केले. राइट दोन वर्षं वरच्या-खालच्या संघांत फिरला आणि २०२४-२५ मध्ये सिॲटलकडून ४४ गुणांपर्यंत आला.

नुसते गुण मोजले तर त्या घडीला कूली पुढे. मॉन्ट्रियलने चूक केली असं यावरून म्हणायला मी तयार नाही, आणि याचं कारण याच संघाच्या इतिहासात आहे. १९७१ मध्ये मॉन्ट्रियलने गी लाफ्लर पहिला घेतला, डेट्रॉइटने मार्सेल डिऑन दुसरा. दोघेही क्वेबेकची पोरं. लाफ्लरने ज्युनिअरच्या शेवटच्या हंगामात १३० गोल केले होते. पण एनएचएलमधली पहिली तिन्ही वर्षं डिऑन पुढे, लाफ्लर मागे. तीन वर्षांनी निकाल द्यायचा असता तर मॉन्ट्रियल हरलं होतं. चौथ्या वर्षी लाफ्लरने ११९ गुण केले, आणि त्या वर्षापासून सलग सहा हंगाम पन्नास किंवा जास्त गोल. कारकिर्दीच्या शेवटी पुन्हा डिऑनच पुढे: ७३१ गोल विरुद्ध लाफ्लरचे ५६०. पण लाफ्लरच्या नावावर पाच स्टॅनली कप, डिऑनच्या नावावर एकही नाही. आता यात सरस निवड कोणाची? मॉन्ट्रियलमध्ये हा प्रश्न विचारायची सोय नाही. एप्रिल २०२२ मध्ये, तो ड्राफ्ट तोंडावर असताना लाफ्लर गेला, तेव्हा त्याला निरोप द्यायला सारं शहर लोटलं होतं.

निवड चांगली की वाईट हे त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवरून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. नंतरच्या गुणांत आणखी बरंच काही मिसळलेलं असतं: कोणत्या फळीत टाकलं, किती लवकर उतरवलं, गुडघा टिकला का, शेजारी कोण खेळला. राइट मॉन्ट्रियलला आला असता तर त्याचे ४४ च झाले असते, की सुझुकी-कॉफिल्डच्या सोबतीने ६०, हे कधीच कळणार नाही. मुलगा घेणं हे अर्धं काम. त्याला वाढवणं उरलेलं अर्धं. ड्राफ्टवर भांडताना या उरलेल्या अर्ध्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि संघ खरे घसरतात ते तिथेच.

या वादात एक गोष्ट कायम झाकली जाते. पहिल्या क्रमांकावर महिनोन्‌महिने भांडणारे दुसऱ्या फेरीकडे बघतही नाहीत. मॉन्ट्रियलचा आजचा प्रशिक्षक सँ लुई कुठल्याच ड्राफ्टमध्ये निवडला गेला नव्हता. पाच फूट आठ इंचांचा माणूस, कुणालाच नको होता, आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. टॅम्पाचा निकिता कुचेरोव्ह २०११ मध्ये ५८ वा, डेट्रॉइटचा पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१ वा. स्काउट आळशी होते म्हणून हे झालं नाही. यातल्या काहींचं अंग लहान होतं, काही दूरच्या गावांत खेळत होते, आणि अठराव्या वर्षी शरीराच्या मापावर विश्वास ठेवणं डोक्याच्या वेगावर ठेवण्यापेक्षा सोपं असतं.

२०२२ च्या दुसऱ्या दिवशीही असंच झालं. ६२ व्या क्रमांकावर मॉन्ट्रियलने लेन हटसन हा अमेरिकन डिफेन्समन घेतला. उंची पाच फूट आठच्या आसपास. पक हातात असताना तो काय करू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं. एवढ्याशा पोराने एनएचएलच्या धिप्पाड आक्रमकांना अडवायचं कसं, यावर सगळे अडले. २०२४-२५ मध्ये त्याने ६६ गुण केले. त्यातले ६० पास होते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या डिफेन्समनच्या विक्रमाशी बरोबरी. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा कॅल्डर करंडकही त्याचाच, आणि मॉन्ट्रियल त्या वर्षी पुन्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे बादफेरीत, पोचलं. कूली, राइट की स्लाफकोव्स्की यावरून ज्या उन्हाळ्यात शहर भांडत होतं, त्याच उन्हाळ्यात हा मुलगा उपलब्ध होता. मॉन्ट्रियलच्या स्काउटांचं त्यासाठी कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. मात्र मॉन्ट्रियलकडे त्या ड्राफ्टमध्ये ६२ च्या आधी पहिला, २६ वा आणि ३३ वा क्रमांकही होता, आणि त्या तिन्ही वेळा त्यांनी दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं होतं.